पोरगं विचारतंय, आपल्या डोंगरावर विमान का येत नाही? बंबावर नोकरी केलेल्या माणसाचं उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की मुलगा दुसरीत आहे, त्यानं 'प्लेन्स: फायर अँड रेस्क्यू' हा विमानांचा कार्टून पिक्चर बघितला, जाम आवडला, आणि त्याच आठवड्यात रात्री गच्चीवरनं यवतेश्वरच्या डोंगराच्या अंगाला वणवा लागलेला दिसला. तेव्हापासून रोज विचारतोय की डस्टी, म्हणजे पिक्चरमधलं आग विझवणारं विमान, आपल्याकडं का येत नाही, रात्री मधेच उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहतोय, आणि तुम्हाला कळत नाहीये की पिक्चरमधलं खरं किती सांगावं आणि पिक्चर परत दाखवावा का बंदच करावा.

मी साताऱ्यात अग्निशमन दलात होतो, फायरमन म्हणून लागलो, लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झालो, आता उन्हाळा लागला की डोंगराकडच्या गावातल्या पोरांना वणवा विझवायला शिकवतो. हा पिक्चर मी नातवाबरोबर पूर्ण बघितलाय, एकदा नाही बऱ्याचदा, आणि पुढं काही भाग तर मुद्दाम शिकवण्यासाठी म्हणून बघितले. त्यामुळं यावर मनापासून लिहितो, थोडं लांबेल.

आधी मला काय वाटतं ते सांगतो. पोराला आगीची भीती वाटतीय असं तुम्ही लिहिलंय, पण त्याचा प्रश्न नीट ऐका. तो 'आग घरापर्यंत येईल का' असं विचारत नाहीये, तो 'डस्टी का येत नाही' असं विचारतोय. म्हणजे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की आग फक्त विमानच विझवतं, आपल्याकडं विमान नाही, म्हणजे आपल्याकडं कुणीच येत नाही. भीती तिथं आहे. आता अशा वेळी 'कार्टून आहे रे, सगळं खोटं असतं' असं सांगितलं तर काय होईल, विमानं खोटी ठरली पण डोंगर तर खराखुरा जळताना दिसला, मग उरलं काय, नुसती आग. म्हणून तसं सांगू नका. आणि दुसरं म्हणजे ते खरंही नाही, त्या पिक्चरमधलं कामाचं बरंच काही खरं आहे.

एक बारीक गोष्ट, बरेच जण हा 'कार्स' बनवणाऱ्या पिक्सारचा समजतात. 'कार्स'च्याच, बोलणाऱ्या गाड्यांच्या दुनियेतला आहे, पण केलाय डिस्नेटून स्टुडिओनं, २०१४ साली आला, 'प्लेन्स' २०१३ चा त्याचा हा दुसरा भाग. सुरुवातीलाच जगभरच्या अग्निशमन जवानांना तो अर्पण केल्याची पाटी येते, आणि पुढं बघताना कळतं की बनवणाऱ्यांनी खऱ्या माणसांकडं बसून काम समजून घेतलंय.

खरं काय काय ते सांगतो. डस्टी हे मुळात शेतावर फवारणी करणारं विमान. अशी विमानं खरंच आगीच्या कामाला वापरतात, एअर ट्रॅक्टर ८०२ नावाचं एका इंजिनचं विमान आहे, तेच फवारणीलाही चालतं आणि आगीवरही, त्यात साधारण तीन हजार लिटर बसतं. डस्टीला चाकांच्या जागी पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावतात आणि तो तळ्यावरनं घासत जाऊन पाणी भरून घेतो, तसलं मॉडेलही प्रत्यक्षात आहे. तो जो लाल रंगाचा माल टाकतात त्याला रिटार्डंट म्हणतात, त्यात मुख्य असतं अमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपण शेतात डीएपी खत टाकतो त्याच घराण्यातलं, आणि लाल रंग असतो तो पायलटला वरनं दिसावं की आधीचा पट्टा कुठं पडलाय आणि पुढचा कुठं जोडायचा. आणि हे नीट बघा, तो माल जळत्या झाडांवर टाकत नाहीत, आगीच्या पुढं टाकतात, अजून न पेटलेल्या झाडाझुडपांवर, म्हणजे आग तिथपर्यंत आली की मंदावते. मंदावते म्हणालो मी. विझत नाही.

सगळी गोम इथं आहे. विमानानं आग विझते ही समजूत फक्त तुमच्या पोराची नाही, मोठ्या माणसांचीही आहे, वणवा लागला की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच की हेलिकॉप्टर का नाही मागवत. विमान आगीचा जोर कमी करतं, वेळ मिळवून देतं. त्या मिळालेल्या वेळात खालची माणसं जमिनीवर पट्टी मोकळी करतात, तेव्हा आग थांबते. पिक्चरमध्येही हे दाखवलंय, पण पोरांचं लक्ष उडणाऱ्यांकडं असतं. कॅबी नावाच्या थोराड विमानातून पॅराशूटनं पाच छोट्या गाड्या उड्या टाकतात, त्यांची म्होरकी डायनामाइट, मग एकाकडं करवत, एकीकडं दाताळं, एक बुलडोझर, एकाला पंजा. ते स्मोकजंपर. अमेरिकेत खरे स्मोकजंपर १९४० पासून आहेत, माणसंच, विमानातून उडी टाकून जंगलात उतरणारी. खाली उतरून ते काय करतात तर झाडं कापतात, पालापाचोळा ओढतात, माती उघडी पाडतात. याला आपल्याकडं जाळरेषा म्हणतात, काही ठिकाणी जाळपट्टा म्हणतात. आगीला खायला काही शिल्लकच ठेवायचं नाही, बास.

आता तुमच्या पोराचा खरा प्रश्न, आपल्याकडं विमान का येत नाही.

भारतात असं काही नाहीच असं सांगू नका. हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं खाली मोठी बादली लटकवून आगीवर पाणी टाकतात, तिला बांबी बकेट म्हणतात, साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी बसतं. २०१६ ला उत्तराखंडात वापरलं, २०१९ ला कर्नाटकात बांदीपूरला, २०२४ ला परत नैनितालकडं. तिथं भीमतालच्या तळ्यातनं पाणी उचललं होतं. पोराला यूट्यूबवर दाखवा, डस्टीपेक्षा जास्त आवडेल.

पण त्या आगी दिवसेंदिवस चालणाऱ्या. चीडाची म्हणजे पाइनची झाडं, खाली पिरुलाचा, म्हणजे त्यांच्या वाळलेल्या सुईसारख्या पानांचा थर, एकदा लागली की आठवडा आठवडा धुमसते. आपल्या साताऱ्याच्या डोंगरावर मुख्य काय जळतं तर गवत. फेब्रुवारी-मार्चमधलं वाळलेलं कुसळी गवत. ते भसकन पेटतं, वाऱ्यावर पळतं आणि तासाभरात एक अख्खी उतरण काळी करून टाकतं. हेलिकॉप्टर मागवायचं, मंजुरी, ते उडायचं, पोचायचं, तोवर तिथं विझवायला काही उरलेलंच नसतं. ज्या आगीला मिनिटं मोजायची तिथं जवळचा माणूसच लागतो, दुसरं कुणी वेळेत पोचूच शकत नाही. कोयना-चांदोलीच्या दाट जंगलात मोठी आग लागली तर गोष्ट वेगळी, तिथं हेलिकॉप्टरचा विचार होऊ शकतो, पण यवतेश्वर, अजिंक्यतारा, जरंडेश्वर इकडच्या वणव्याला नाही.

आणि तो लाल माल तर आपल्याकडं मला नकोच वाटतो, निदान कासला तरी नको. कासचं पठार म्हणजे कातळावर बोटभर माती. त्या मातीत खत जवळपास नाहीच, म्हणून तर तिथं दवबिंदू आणि सीतेची आसवं अशा किडे खाणाऱ्या वनस्पती येतात, मातीतनं मिळत नाही ते किड्यांतनं घेतात. तिथं डीएपीच्या भावकीतला माल ओतला तर गवत माजेल आणि ही नाजूक मंडळी जातील. अमेरिकेत सुद्धा ओढे-नद्यांजवळ हा माल टाकायला मनाई असते, माशांना वाईट म्हणून. आपल्याकडं तर कासच्या तलावाचं पाणी सातारा शहर पितं. पोराला हे सांगायला हरकत नाही, पोरांना असलं लक्षात राहतं, डस्टी इथं आला तर फुलांचं काय होईल हा त्याला नवीन प्रश्न मिळेल.

मग आपल्याकडं कोण येतं? हे त्याला नीट सांगा, कारण त्याची झोप यावर आहे. वनरक्षक येतात, वनमजूर येतात, गावातली पोरं येतात, शहरातनं ट्रेकिंगवाल्या ग्रुपची मुलं येतात, रस्त्यालगत असेल तर बंब येतो. बंब डोंगरावर चढत नाही हे खरं, त्यात चार-साडेचार हजार लिटर पाणी असलं तरी पाईप किती लांब नेणार, म्हणून बंबाचं काम म्हणजे घाटरस्ता, वस्ती, गोठे, हॉटेलं वाचवणं, आणि वरचं काम पायी जाणाऱ्यांचं. रात्री डोंगराच्या कडेनं बॅटऱ्या हलताना दिसतात ना, ती माणसं असतात. पुढच्या वेळी दिसल्या तर त्याला दाखवा.

ही माणसं विझवतात कशी तेही सांगतो, पोरानं विचारलं तर तुम्हाला उत्तर पाहिजे. हिरवी डहाळी घ्यायची, पानं दाट असलेली, आणि जळून गेलेल्या काळ्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे आग उलटली तरी पाय ठेवायला जळलेली जागा असते. मग डहाळी आगीच्या कडेवर आपटायची नाही, नवीन पोरं जोरात डोक्यावरनं आणून आपटतात आणि ठिणग्या उडून पलीकडचं गवत पेटतं. डहाळी टेकवायची, दाबायची, आणि काळ्या बाजूला ओढून घ्यायची. टेकव, दाब, ओढ. एक पुढं, दुसरा त्याच्या मागं राहिलेलं बघत, तिसरा त्याच्या मागं. आता बऱ्याच ठिकाणी ब्लोअर आलेत, पाला उडवायचं मशीन पाठीला लावायचं, त्यानं काम कितीतरी लवकर होतं, पण चालवणाऱ्याला तोंड कुठं धरायचं हे कळलं पाहिजे, नाहीतर तोच आगीला हवा घालतो.

आगीच्या तोंडावर, म्हणजे जिकडं ती पळतीय तिकडं, कुणी जात नाही. बाजूनं दाबत दाबत तिचं तोंड बारीक करत न्यायचं. चढावर तर वरच्या अंगाला कधीच थांबायचं नाही, कारण आग चढावर पळते, ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा हिशोब आहे. म्हणून वणवा बघायला म्हणून डोंगरावर जाणाऱ्यांना आम्ही ओरडून खाली पाठवतो.

आणि आग विझली असं वाटल्यावर खरं कंटाळवाणं काम सुरू होतं. गुरं चरून गेलेली असतात, वाळलेलं शेण पडलेलं असतं, ते आतनं तासन् तास धुमसत राहतं, वरनं राखेचा थर, धूरही दिसत नाही. पहाटे वारं फिरलं की त्यातनं परत ठिणगी. म्हणून कडेकडेनं चालत जायचं, संशय आला तिथं हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब बघायची, फोडायचं, माती टाकायची. पिक्चरमध्ये हे काम कुठं फार येत नाही, येणारही नाही, पण वणव्याच्या कामातला निम्मा वेळ इथंच जातो.

आता पिक्चर परत दाखवावा का. हे पोरावर आहे. रोज रात्री उठत असेल, जेवण कमी झालं असेल तर थोडे दिवस थांबा, घाई काय आहे. पण नुसतंच विचारत असेल आणि दिवसा खेळताना आग-विमान असं खेळत असेल तर दाखवा, आणि शेजारी बसून दाखवा. दुपारी लावा, झोपायच्या आधी नको. दोन भाग त्याला जड जातील. एक, ब्लेड रेंजर नावाचं हेलिकॉप्टर डस्टीला खाणीत घालून स्वतः बाहेरून आग अंगावर घेतं तो. दुसरा, म्हाताऱ्या नवराबायको गाड्या जळत्या पुलावर अडकतात तो. ते यायच्या आधी सांगून टाका की ही सगळी जगतात. मजा जाईल असं वाटतं आपल्याला, पण लहान पोरं आधी माहीत असलं की निवांत बघतात.

आणि स्मोकजंपर खाली उतरले की पॉज करा. विचारा, हे काय करतायत? करवतवाला काय करतोय, बुलडोझर काय ढकलतोय? एवढंच. त्याला स्वतःला दिसू द्या की विमानं वर आणि काम खाली.

दोन गोष्टी मला त्या पिक्चरमधल्या फार मोलाच्या वाटतात त्याही सांगतो, वेळ असेल तर त्याच्याशी बोला. डस्टीचा गिअरबॉक्स खराब झालाय, ठरावीक टॉर्कच्या, म्हणजे इंजिनच्या जोराच्या, वर गेला की दिवा लागतो, आणि त्याला ते मान्य होत नाही. तो ताणतो, पेट्रोल पंपाला धडकतो, त्यातनंच गावात आग लागते, आणि गावातला जुना बंब मेडे, त्याचा पाईप गळका, शेवटी पाण्याची टाकी पाडून आग विझवायला लागते. मग तपासणी होते आणि विमानतळच बंद करतात, कारण पुरेशी आग विझवायची सोय नसेल तर विमानतळ चालवता येत नाही, हा प्रत्यक्षातला नियम आहे. एवढ्या सगळ्याला कारण काय, तर आपली ताकद किती उरलीय हे मान्य न करणं. पुढं तो ब्लेडचा हुकूम न ऐकता परत तेच करतो आणि त्यात ब्लेड भाजतो. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे दोन्ही भाग दाखवतो. डोंगरावर 'मागं फिर' म्हटलं की फिरायचं, कारण विचारायला खाली आल्यावर वेळ असतो. दमलास तर दमलो म्हण, पाणी पी, बाजूला बस. धुरात दमलेला माणूस चुकीच्या बाजूला पळतो. गाड्यांना धूर लागत नाही आणि तहानही लागत नाही, माणसांना दोन्ही लागतं, पिक्चरमध्ये हेही राहिलंय ते तुम्ही सांगा.

दुसरी गोष्ट कॅड स्पिनर. पिक्चरमधल्या नॅशनल पार्कचा कारभारी, तिथलं लॉज चालवणारा, आग आली तेव्हा सगळं पाणी स्वतःच्या लॉजच्या छपरावर वळवतो आणि विमानांना माल कालवायला पाणी राहत नाही. नातवाला त्याचा फार राग आला होता. मला बरं वाटलं.

आता आग लागते कशी हे तो विचारेलच. पिक्चरमध्ये ठिणग्या उडतात, वीज पडते. आपल्याकडं फेब्रुवारीत वीज कुठं असते? आपल्याकडं आग माणूस लावतो, मुद्दाम नाहीतर हलगर्जीपणानं. बांध पेटवला आणि वाऱ्यानं वर गेला. पाचट जाळलं, कडेला पाणी मारून घेतलं नाही. फिरायला आलेल्यांनी चूल पेटवून तशीच सोडली. घाटात गाडीतनं विडी-सिगारेट फेकली. आणि गवत जाळलं की पुढच्या वर्षी चारा जोमात येतो ही समजूत, ती अजून आहे. जळाल्यावर पहिल्या पावसात हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण मुळांनी धरून ठेवलेली माती उघडी पडते, आमच्या डोंगरावर माती आहेच किती, ती पावसाबरोबर ओढ्यात जाते आणि वर्षांमागून वर्षं तीच उतरण जाळली की शेवटी चांगलं गवत जाऊन कुसळच उरतं. घरट्यातली अंडी, सापसरडे, ससे हे तर वेगळंच. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन कायदा १९२७ खाली गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव कायदा १९७२ लागतो. हे पोराला कायद्याच्या भाषेत सांगायची गरज नाही, पण आग कुणीतरी लावली हे लपवू नका. उलट त्यानं त्याची भीती कमी होईल असा माझा अनुभव आहे, कारण आपोआप येणाऱ्या गोष्टीला पोरं जास्त घाबरतात.

तुमचं घर कुठं आहे ते लिहिलेलं नाहीये. शहरात मध्ये असेल, चारी बाजूंनी रस्ते-इमारती असतील, तर त्याला सरळ सांगा की वणवा इथं येत नाही, धूर येईल, खिडक्या लावून घेऊ. पण डोंगराच्या पायथ्याला, गवताला लागून असेल तर तसं खोटं सांगू नका, त्यापेक्षा जानेवारीतच घराभोवती गवताची पट्टी साफ करून घ्या, भिंतीला टेकून सरपण, गंजी, भंगार काही ठेवू नका, पत्र्यावरचा पाला काढा, पाण्याचा पाईप कुठल्या नळाला बसतो ते एकदा लावून बघा. आणि हे करताना त्याला बरोबर घ्या, हातात छोटं दाताळं द्या. दाताळेवाल्या स्मोकजंपरचं नाव पाइनकोन आहे, तो ओळखेल.

आणि पुढच्या वेळी डोंगरावर जाळ दिसला तर गच्चीवर बघत उभं राहण्यापेक्षा त्याला शेजारी घेऊन फोन लावा. वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट १९२६, नाहीतर १०१ किंवा ११२. सांगताना 'डोंगराला आग लागलीय' एवढंच सांगू नका, कुठल्या गावाच्या वर, घाटरस्त्याच्या वर का खाली, कुठल्या देवळापासनं कुठल्या अंगाला, जाळ कुठं सरकतोय, जवळ वस्ती आहे का, हे सांगा. उपग्रहावरनंही वनखात्याला आगीचे मेसेज जातात, पण उपग्रह जाईल तेव्हा दिसणार, आणि छोटी गवताची आग त्याला उशिरा दिसते. गच्चीवरनं तुम्हाला आधी दिसते. पोराला खुणा ओळखायला लावा, कुठला डोंगर, कुठला टॉवर, कुठली वाडी, म्हणजे पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगेल आणि तुम्ही फोनवर तेच पुढं सांगाल.

घर कुठल्या अंगाला आहे आणि झोपेचं कसं चाललंय ते लिहा, मग त्याप्रमाणं अजून सांगतो. फेब्रुवारीच्या आधी जाळरेषा काढायला आमची पोरं जातात, सकाळच्या वेळी, आग नसताना, धोका काही नसतो. तुम्ही बरोबर असाल तर त्याला घेऊन या, बुलडोझर नसेल पण खोरी-दाताळी भरपूर असतात.